बिदरचा माळ, चिंचोळीचे रान: उन्हाळ्यातली दिवसभराची चाल

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मराठी भटक्यांची पावले उत्तराखंडाकडे वळतात. दयारा, बेदनी यांसारख्या बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, सकाळ काढायची आणि दुपारनंतर ओक-देवदारांच्या जंगलातून खाली उतरायचे, अशी ती चाल असते. गवताळ पठारावरून रानात उतरण्याचा हा क्रम आपल्या दख्खनमध्येही अनुभवता येतो. उदगीर, निलंगा, उमरगा इथून पहाटे निघून रात्री घरी परतता येईल इतक्या अंतरावर बिदरचे जांभ्याचे पठार आहे. त्याच्या दक्षिणेला, कलबुर्गी जिल्ह्यात, चिंचोळीचे पानगळीचे जंगल आहे. सकाळ माळावर, कडक दुपार झऱ्याकाठी आणि उतरते ऊन रानात, असा दिवस या प्रकरणात आपण चालणार आहोत.

हा दिवस एप्रिल-मे महिन्यांतला असावा. पावसाळ्यात हा मुलूख हिरवा होतो आणि सगळा सारखाच दिसू लागतो. उन्हाळ्यात गवत वाळते, पाने गळतात, ओढे आटतात. मग खडक कुठे आहे, पाणी कुठे अडते, कोणते झाड कशाच्या जोरावर उभे आहे हे सारे उघडे पडते. या भूमीची घडण समजून घ्यायची तर तिला वैशाखातच पाहिले पाहिजे.

एक मुलूख, अनेक हद्दी

आज बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाचे जिल्हे आहेत. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत ते हैदराबाद राज्यात होते. त्या दिवशी जुन्या बिदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले, नारायणखेड आणि जहीराबादचा बहुतेक भाग आंध्रकडे गेला, तर बिदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद-संतपूरचा भाग म्हैसूर राज्यात राहिला. औराद, भालकी, बसवकल्याण या भागांत आजही घरोघरी मराठी बोलली जाते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंच्या आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या गाणगापूरला दत्ताच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातून माणसांची रीघ लागलेली असते.

राज्यांच्या हद्दी बदलल्या तरी जमिनीची हद्द तीच राहिली, आणि या भागात ती पाण्याने आखलेली आहे. बिदरच्या पठाराच्या उत्तरेकडचे पाणी कारंजा आणि मांजरा या नद्यांतून गोदावरीला मिळते. बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूरवरून इकडे येते. दक्षिणेकडे मुल्लामारी नदी चिंचोळीवरून कागिण्याला आणि कागिणा भीमेला मिळते. ते पाणी कृष्णेचे. आपल्या दिवसभराच्या चालीत आपण गोदावरीच्या खोऱ्यातून कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो.

माळ कसा घडला

सूर्योदयाच्या सुमारास बिदर शहराबाहेर पठारावर उभे राहिले की पायाखाली तांबडी, छिद्राछिद्रांची, खडबडीत जमीन लागते. हा जांभा. कोकणात घरांचे चिरे ज्या दगडाचे असतात तोच हा दगड. साताऱ्याच्या कासच्या पठारावर फुलांचा गालिचा ज्या खडकावर पसरतो, तोही हाच. कास समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर आहे, बिदर साधारण 650 ते 700 मीटरवर. दोन्ही ठिकाणी बेसाल्टच्या थरांवर जांभ्याचे टोपण बसलेले आहे.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि दख्खनचा काळा खडक, म्हणजेच बेसाल्ट, तयार झाला. त्यानंतर प्रदीर्घ काळ उष्ण हवा आणि आलटून पालटून येणारे ओले-कोरडे ऋतू यांनी या खडकाचा वरचा भाग कुजवला. पावसाच्या पाण्याबरोबर सिलिका आणि कॅल्शियम, सोडियमसारखी सहज विरघळणारी द्रव्ये वाहून गेली. मागे राहिली ती लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. लोहामुळे दगड तांबडा झाला आणि द्रव्ये निघून गेलेल्या जागी पोकळ्या राहिल्या. फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 मध्ये केरळातल्या या दगडाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. बिदरच्या जांभ्यावर 1840च्या दशकात कॅप्टन न्यूबोल्ड यांनी सविस्तर लिहिले आणि पुढे जांभा कसा बनतो या वादात बिदरचे नाव भूशास्त्रात येत राहिले.

जांभ्याचा एक गुण बिदरच्या राज्यकर्त्यांनी नेमका हेरला. जमिनीतून नुकताच काढलेला जांभा तुलनेने मऊ असतो, तो सहज तासता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी सुलतान अहमदशहा वली याने राजधानी गुलबर्ग्याहून (आजच्या कलबुर्गीहून) बिदरला आणली. पठाराच्या काठावर किल्ला उभा राहिला आणि त्याचा खंदक याच खडकात खोदला गेला. खंदकाच्या काही भागात मधे खडकाच्या भिंती राखून तो तिहेरी केलेला आजही दिसतो. गुलबर्ग्याच्या मानाने बिदर सुमारे 200 मीटर उंच आहे. दर किलोमीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हा हिशेब धरला तर निव्वळ उंचीमुळे इथे एक ते दीड अंशाचा दिलासा मिळतो. पठारावरच्या मोकळ्या वाऱ्याने तो आणखी जाणवतो.

हिमालयातल्या बुग्याळांवर झाडे नसतात ती थंडीमुळे. उत्तराखंडात साधारण 3,300 ते 3,600 मीटरच्या वर झाडाला खोड वाढवण्याइतका उबदार काळच मिळत नाही आणि गवत तेवढ्यात आपले जीवनचक्र उरकून घेते. बिदरच्या माळावर कारण वेगळे आहे. इथे जांभ्यावर मातीचा थर काही ठिकाणी वीतभरही नाही. पाऊस चार महिने पडतो आणि पुढचे आठ महिने जवळपास कोरडे जातात. त्यात चराई आणि अधूनमधून लागणारी आग. या सगळ्यात तग धरते ते गवत. खडकाला जिथे भेग आहे आणि मूळ खोल जाऊ शकते, तिथे बोर, बाभूळ, सीताफळ, पळस उभे राहतात. जांभ्याची भेग कुठून जाते हे माळावरच्या झाडांची रांग पाहून सांगता येते.

वाळलेल्या गवतात

वैशाखात माळावरचे गवत पिवळे पडलेले असते. ते मेले, असे वाटते, पण तसे नसते. गवताचा वाढीचा कोंब पात्याच्या टोकाला नसून बुडाशी, जमिनीलगत असतो. म्हणून गुरांनी वरून कितीही खुडले, उन्हाने पाती वाळली, आग वरून धावत गेली तरी बुडखा जिवंत राहतो. गवताच्या वजनाचा मोठा भाग मुळांच्या रूपाने जमिनीखालीच असतो. मे महिन्यात वळवाची एक सर पडली की याच वाळक्या ठोंबांतून चार-सहा दिवसांत हिरवे टोक वर येते.

पवन्या, मारवेल, कुसळी ही या माळाची ओळखीची गवते. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक गवतांप्रमाणे तीही भर उन्हात अन्न बनवण्याची काटकसरी पद्धत वापरतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी एका वेगळ्या रसायनात पकडून ठेवायचा आणि मग तो पानाच्या आतल्या पेशींना पुरवायचा, अशी ती दोन टप्प्यांची व्यवस्था आहे. त्यामुळे पानावरची रंध्रे कमी उघडावी लागतात आणि पाणी वाचते. आपल्या ज्वारी-बाजरीची रीत हीच. या भागात ज्वारी का पिकते याचे एक उत्तर माळावरच्या गवतातही आहे.

थोडे चालून झाल्यावर मोज्यात काहीतरी टोचू लागते. तिथेच बसावे, ते कुसळ उपटून काढावे आणि तळहातावर घेऊन नीट पाहावे. एका टोकाला सुईसारखे अणकुचीदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि त्यामागे काळपट तपकिरी, पीळ पडलेली लांब शेपटी. मागे वळलेल्या केसांमुळे ते पुढे सरकते, मागे येत नाही. आता बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब त्या पिळावर सोडा. क्षणभरात पीळ उलगडू लागतो आणि कुसळ तळहातावर स्वतःभोवती फिरू लागते. शेपटीच्या आतल्या-बाहेरच्या पेशी पाणी शोषून कमी-अधिक फुगतात म्हणून हे घडते. वाळले की पीळ पुन्हा बसतो. जमिनीवर पडलेल्या बियांच्या बाबतीत दव, वळवाची सर आणि ऊन यांच्या प्रत्येक फेऱ्यात हीच हालचाल होते आणि बी गिरमिटासारखे मातीत शिरत जाते. वरून आग गेली तरी आत शिरलेले बी वाचते. पावसाळा सुरू झाला की ते मातीत, योग्य खोलीवर, रुजायला तयार असते. मेंढपाळांना मात्र हेच कुसळ नकोसे असते, कारण ते मेंढीच्या लोकरीत आणि तोंडात रुतून जखमा करते.

माळावरचे रहिवासी

सकाळी सहा ते आठ हे दोन तास माळावर सर्वात मोलाचे. या वेळी काळविटांचे कळप चरताना दिसतात. बिदरच्या आसपासची गायराने, पडीत शेते आणि होन्नीकेरीच्या राखीव जंगलालगतचा मोकळा भाग हे त्यांचे राहण्याचे ठिकाण. पूर्ण वाढलेल्या नराची पाठ काळी होते, पोट पांढरे असते आणि शिंगे पीळदार असतात. माद्या आणि लहान नर बदामी रंगाचे असतात. काळवीट दाट झाडीत लपत नाही. लांबवर पाहणे आणि पळणे हेच त्याचे संरक्षण, आणि त्यासाठी त्याला मोकळा माळ लागतो. त्याचा पाठलाग करणारा चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे 1952 मध्ये जाहीर झाले. इथून चित्ता गेला तरी त्याच्यापासून निसटण्यासाठी कमावलेला वेग काळविटाच्या पायांत अजून आहे. ज्यांनी कर्जतजवळचे रेहेकुरी अभयारण्य पाहिले आहे, त्यांना हा प्राणी परिचयाचा असेल. इथे तो कुंपणाविना, माणसांच्या शिवारात राहतो. म्हणूनच त्याचे शेतकऱ्यांशी खटकेही उडतात. कळप पिकात शिरला की नुकसान गरीब शेतकऱ्याचे होते आणि त्याची भरपाई वेळेवर मिळणे हा काळवीट टिकवण्याचाच भाग आहे.

लांडगा, खोकड आणि तरस हेही याच मोकळ्या मुलखाचे प्राणी. ते बहुधा दिसत नाहीत, पण पाऊलवाटेच्या धुळीत ठसे सापडतात. लांडगा मेंढ्यांच्या कळपांमागे फिरतो, तरस मेलेल्या जनावरावर जगतो, खोकड उंदीर आणि किडे खाऊन शेतीला हातभारच लावते.

उन्हाळा हा पक्ष्यांच्या दृष्टीने विश्रांतीचा काळ असेल असे वाटते. माळावरच्या काही पक्ष्यांची वीण मात्र नेमकी याच दिवसांत असते. माळटिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधे उथळ खळगा करून अंडी घालते. अंडी मातकट रंगाची असून त्यांवर गडद ठिपके असतात. दोन हातांवर असली तरी ती खड्यांतून वेगळी ओळखू येत नाहीत. खरा प्रश्न उन्हाचा आहे. हवा 40 अंशांवर गेली की उघडी जमीन त्याहून कितीतरी जास्त तापते आणि अंड्यातला जीव उकडून मरू शकतो. म्हणून दुपारी टिटवी अंडी उबवत नाही, ती त्यांच्यावर सावली धरून उभी राहते. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसे भिजवून येते आणि अंडी ओली करते. पखुर्डीच्या कुळातले नर याच्या पुढे गेले आहेत. त्यांच्या पोटाच्या पिसांची रचना पाणी धरून ठेवण्याजोगी असते. ते पाणवठ्यावर पिसे भिजवतात, दूरवर उडत जातात आणि पिल्ले ती पिसे चोखून पाणी पितात.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर आपण तिच्या अंड्यांजवळ आलो आहोत असे समजावे आणि आल्या वाटेने मागे फिरावे. आपण तिथे उभे राहून जितकी मिनिटे घालवू, तितकी मिनिटे अंडी उन्हात पडतात.

काठाला पाणी

दहा वाजले की माळ सोडून पठाराच्या काठाकडे उतरावे. वर सगळे कोरडे असताना काठाला मात्र जिवंत झरे भेटतात. गुरुद्वारा नानक झिरा साहिबचा झरा त्यात सर्वात प्रसिद्ध. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गुरु नानकदेव दक्षिणेच्या यात्रेत इथे आले, लोकांना गोड्या पाण्याची टंचाई होती आणि त्यांच्या खडावेचा स्पर्श होताच खडकातून झरा फुटला, अशी श्रद्धा आहे. जवळच पापनाशच्या शिवमंदिराचे कुंड आहे. झरणी नरसिंहाच्या गुहेत तर भाविक छातीएवढ्या पाण्यातून, वर लटकणाऱ्या वटवाघळांखालून, चालत देवापर्यंत जातात.

पाणी एवढ्या उन्हात येते कुठून? याचे उत्तर सकाळी आपण ज्या जमिनीवर चाललो तिच्यात आहे. छिद्राछिद्रांचा जांभा पावसाचे पाणी स्पंजासारखा शोषून घेतो. ते खाली झिरपत जाते. जांभ्याच्या तळाशी, बेसाल्ट अर्धवट कुजून तयार झालेला चिकणमातीचा थर असतो आणि त्याखाली घट्ट काळा खडक. तिथे पाण्याची खाली जाण्याची वाट बंद होते. मग ते आडवे सरकू लागते आणि पठाराचा काठ जिथे तुटतो तिथे झरा होऊन बाहेर पडते. पावसाळ्यात शोषलेले पाणी असे महिनोन्महिने हळूहळू बाहेर येत राहते. आज दिसणारा झरा गेल्या आषाढ-श्रावणाचा आणि त्याआधीच्या पावसाळ्यांचाही असतो.

बहमनी काळातल्या जलतज्ज्ञांनी हे ओळखले होते. इराणातली कारेझची विद्या त्यांनी इथे आणली. पठाराच्या पोटात पाण्याच्या पातळीपर्यंत एक मूळ विहीर खणायची, तिथून हलक्या उताराचा बोगदा काढायचा आणि बोगद्याच्या वाटेवर ठरावीक अंतरावर उभे कूप वर जमिनीपर्यंत न्यायचे. या कूपांतून खोदाईची माती बाहेर काढता येते, हवा आत येते आणि लोकांना पाणीही शेंदता येते. पाणी उताराने आपोआप वाहते, त्याला मोट लागत नाही आणि बैलही लागत नाही. बोगद्यात असल्यामुळे उन्हाने ते उडूनही जात नाही. बिदरजवळच्या नौबाद इथली कारेझ दोन किलोमीटरहून लांब आहे. गाळ, कचरा आणि बांधकामे यांनी ती बुजत चालली होती. अलीकडच्या काळात तिचा गाळ उपसण्याचे काम झाले आणि तिच्यात पुन्हा पाणी दिसले. पाचशे वर्षांपूर्वीची रचना पुन्हा वाहती होऊ शकते, याचा अर्थ खडक आपले काम अजून करतो आहे.

दुपारचा मुक्काम अशाच एखाद्या झऱ्याच्या सावलीला असावा. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी, कांदा आणि ताक हे या हवेतले योग्य जेवण. ताकात घातलेले मीठ घामावाटे गेलेले क्षार भरून काढते. बिदर सुमारे 17.9 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका दिवशी भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच नाहीशी होते. त्या दिवसांत अकरा ते चार या वेळेत माळावर चालू नये.

चिंचोळीच्या रानात

बिदरहून दक्षिणेला साधारण 60-65 किलोमीटरवर चिंचोळी. वाटेत पठार संपते आणि शेताची काळी माती सुरू होते. आणखी दक्षिणेला गेले की बेसाल्टच संपतो आणि त्याखालचा, त्याहून कोट्यवधी वर्षे जुना चुनखडक उघडा पडतो. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आणि ओट्यांवर बसलेली शहाबादी फरशी याच पट्ट्यातली. सह्याद्रीपासून पसरत आलेला काळा खडक इथे आपल्या सीमेशी येऊन थांबतो.

चिंचोळी तालुक्यातले 134.88 चौरस किलोमीटरचे जंगल 2011च्या डिसेंबरात अभयारण्य म्हणून जाहीर झाले. दक्षिण भारतातल्या कोरडवाहू प्रदेशातले पहिले अभयारण्य म्हणून त्याचा उल्लेख होतो. टेकड्यांच्या मधोमध चंद्रमपल्लीचे धरण आहे. जंगलात गोट्टमगोट्टीला बक्कप्रभूंचे देवस्थान आहे, आणि परिसरात लंबाणी समाजाचे तांडे आहेत. चौसिंगा, तरस, लांडगा, खोकड यांची इथे नोंद आहे. चौसिंगा हे एकाच जोडीऐवजी शिंगांच्या दोन जोड्या धारण करणारे छोटे हरीण. काळविटाच्या उलट ते झाडीला धरून राहते.

चार वाजल्यानंतर रानात शिरावे. पहिल्या नजरेला जंगल करडे दिसते, पायाखाली वाळल्या पानांचा थर करकरतो. ही पानगळ म्हणजे झाडाने पाणी वाचवण्यासाठी केलेली तयारी आहे. पानावरच्या रंध्रांतून झाड सतत बाष्प सोडते. जमिनीत पाणी उरले नसताना पाने ठेवणे झाडाला परवडत नाही. म्हणून ते आधी पानांतले नत्र आणि इतर पोषक द्रव्ये शक्य तेवढी फांदीत परत ओढून घेते, मग देठाच्या बुडाशी एक पेशींचा पडदा तयार करते आणि पान सोडून देते.

पण सगळी झाडे एकाच वेळापत्रकाने चालत नाहीत, आणि हे पाहण्यासाठीच उन्हाळ्यात इथे यायचे. साग अजून उघडा असतो, त्याला पावसाची खात्री हवी असते. पळस फाल्गुनात केशरी फुलून गेलेला असतो आणि आता त्याला कोवळी त्रिदळे फुटलेली असतात. बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडलेला असतो. टेंभुर्णीला नवी, तांबूस, मऊ पाने आलेली असतात. पाऊस महिना-दीड महिना दूर असताना या झाडांना पाणी मिळते कुठून? जुनी पाने गळाल्यावर बाष्प बाहेर जाणे थांबते, खोल मुळांनी ओढलेले थोडेसे पाणी खोडाच्या लाकडात साठते आणि त्या शिलकीवर फुले आणि कोवळी पाने येतात. याचा लाभ दुहेरी आहे. पाऊस सुरू होईल त्या दिवशी पाने पूर्ण वाढलेली असतात आणि पहिल्या दिवसापासून अन्न बनवू लागतात. शिवाय पाने खाणारे किडे पावसानंतर उसळतात, तोवर ही पाने जून आणि निबर झालेली असतात. टेंभुर्णीच्या या नव्या पानांवरच विडीचा धंदा उभा आहे. भर उन्हाळ्यात पाने खुडायला माणसे रानात जातात, कारण हवे तसे मऊ, अखंड पान याच दिवसांत मिळते.

चंदनाने पाण्याचा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सोडवला आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि त्यांच्याकडून पाणी व क्षार घेतात. पानांत अन्न मात्र ते स्वतः बनवते. म्हणून चंदन एकट्याने लावले तर नीट वाढत नाही, त्याला सोबतीची झाडे लागतात. रक्तचंदनाचीही चिंचोळीत नोंद आहे. त्याचे मूळ घर पूर्व घाटाचा दक्षिण भाग, आणि नाव सारखे असले तरी चंदनाशी त्याचे कूळ जुळत नाही, ते शेंगवर्गीय आहे.

वाळल्या पानांचा थर ही रानाची उद्याची माती आहे आणि या महिन्यांतला सर्वात मोठा धोकाही तोच. आपल्याकडचे जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात. विझवलेली वाटणारी विडी, चुलीतला निखारा, किंवा नवे गवत लवकर यावे म्हणून मुद्दाम लावलेली आग. गवत आगीतून सावरते हे आपण सकाळी पाहिले. रानातली हातभर उंचीची रोपे मात्र सावरत नाहीत. दरवर्षी आग लागणाऱ्या जंगलात म्हातारी झाडे उभी दिसतात, पण त्यांच्या मागे येणारी पिढी नसते. वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते ती यासाठी. अभयारण्यात जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी, काडेपेटी सोबत नेऊ नये आणि अंधार पडण्याआधी बाहेर यावे.

दिवसाचा हिशेब

सकाळचा माळ, दुपारचा झरा आणि संध्याकाळचे रान यांना जोडणारे सूत्र पाणी आहे. पठार मोकळे आहे म्हणून पाणी झिरपते, झिरपते म्हणून काठाला झरे आहेत. गवताने माती धरून ठेवली आहे म्हणून ती तलावात गाळ होऊन बसत नाही. रानाने टेकड्या झाकल्या आहेत म्हणून चंद्रमपल्लीत पाणी साठते.

यांतले रान वाचवले पाहिजे हे आता सर्वांना पटते. माळाच्या वाट्याला मात्र हे भाग्य आलेले नाही. सरकारी नोंदींत गवताळ जमिनी बऱ्याचदा पडीक म्हणून लागतात, आणि पडीक म्हटले की तिथे खाण काढायला, प्लॉट पाडायला, कारखाना किंवा सौर प्रकल्प उभारायला कोणाची हरकत राहत नाही. कधी चांगल्या हेतूने तिथे सरसकट झाडेही लावली जातात. दाट सावली पडली की उन्हातले गवत मरते. मग काळवीट, माळटिटवी, चंडोल निघून जातात आणि धनगराच्या मेंढ्यांना चरायला जागा उरत नाही. माळढोक पक्ष्याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झाले, तरीही महाराष्ट्रातून तो जवळपास संपला. गवताळ प्रदेशाचे तुकडे पडत गेले की एखादे राखलेले ठिकाण पुरे पडत नाही.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. एका उन्हाळ्यात मुलांना घेऊन बिदर-चिंचोळीची ही चाल करा, किंवा आपल्या गावाजवळच्या माळावर पहाटे दोन तास फिरा. कुसळावर पाण्याचा थेंब टाकून दाखवा, पळसाची कोवळी पाने दाखवा, झऱ्याचे पाणी कुठून येते ते समजावून सांगा. आणि तुमच्या ग्रामसभेत गायरानावर झाडे लावण्याचा किंवा ते कोणाला देऊन टाकण्याचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी दोन गोष्टी विचारा. या माळावर आज कोण जगते आहे? आणि या माळाचे पाणी खाली कोणाच्या विहिरीला जाते? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्या ठरावाला संमती देऊ नका.